अर्धा चुडा

आमची चूल जिथे होती तिथे पुढे दादासाहेबांची मोटार उभी राहायची. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, खरंच तसं होतं. वाशीमला स्टेशनाकडून बाजारात येणारा रस्ता जिथे वळतो, त्या कोपऱ्यावर आमचं मातीचं घर होतं. पुढे ओटा, ओट्यावर बांगड्यांच्या लडी, आत एक खोली आणि खोलीमागे चूल. ते घर पाडून त्या जागी मोराच्या बंगल्याचा पोर्च उठला. पोर्चच्या डाव्या खांबाच्या आत, ड्रायव्हर जिथे फरशीवर गळलेलं तेल पुसत बसायचा, तिथे माझी अम्मा भाकरी थापायची. आजही मी डोळे मिटून ती जागा दाखवीन. बंगल्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. तिथे आधी काय होतं असं विचारणारा एकही भेटला नाही. माझी सून म्हणते, अम्मी, इतकी वर्षं झाली, आता कशाला रक्त आटवता. मी तिला सांगते, रक्त माझं आहे, मी आटवीन.

दादासाहेब आधी वकील होते. मग त्यांनी कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, घातला आणि मग दोन्हीकडून पैसा येऊ लागला. त्यांचं नाव साऱ्या वऱ्हाडात होतं. गोरे साहेब त्यांच्याकडे जेवायचे, मुंबईच्या गाणाऱ्या बाया त्यांच्याकडे उतरायच्या, आणि कोणाच्या घरी पाहुणा आला की घरचे त्याला संध्याकाळी बंगला दाखवायला आणायचे. रस्त्यावर उभं राहून बघायचं एवढंच, आत कोण घेणार. पण रस्त्यावरूनही दिसण्यासारखं पुष्कळ होतं. दर्शनी भिंतीवर चुन्यात घडवलेले मोर ओळीने बसलेले, पिसाऱ्यात निळी-हिरवी काच जडवलेली. वर रंगीत काचांच्या खिडक्या. दारं ब्रह्मदेशच्या सागवानाची, फरशी कुठल्याशा विलायती बोटीतून आलेली. गावात अजून कंदील होते तेव्हा त्या बंगल्यात विजेचे दिवे लागायचे, आणि ते लागले की मागच्या खोलीतल्या यंत्राची धडधड आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायची. ती धडधड ऐकून लोक म्हणायचे, दादासाहेबाचे दिवे लागले, चाला, घरी चाला. मी मात्र ती ऐकली की कानात बोटं घालायची. अम्मा म्हणायची, कान दुखून राह्यला का. मी म्हणायची, हो.

आम्ही मणियार. बांगड्या विकणारे म्हणा, पण नुसते विकणारे नव्हे, हातात भरणारे. माल फिरोजाबादेहून गवतात बांधून रेल्वेने यायचा. अब्बा तो स्टेशनावरून आणायचे, अम्मा आणि मी लडी सोडून फुटकी काच वेगळी करायचो. घरात दिवसभर किणकिण चालायची, इतकी की ती थांबली तरच लक्षात यायची. जेवण साधं: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, नाहीतर वाटलेल्या मिरच्यांवर कच्चं तेल. शुक्रवारी जमलं तर गोश्त. घासात कधी काचेचा कण आला तर अब्बा तो जिभेनेच शोधून काढायचे आणि न बोलता ताटाच्या कडेला ठेवायचे. अम्माची घरं ठरलेली असायची. कुठल्या घरच्या लेकीसुनांना कोणी बांगड्या भरायच्या हे आजीच्या, पणजीच्या काळापासून ठरलेलं. परपुरुषाला जिथे उंबऱ्यापलीकडे पाय टाकता येत नसे, तिथे आतल्या खोलीत आम्ही बसायचो. मोठ्या घरच्या बायकांचे हात आम्ही हातात घ्यायचो, अंगठ्याचा सांधा दाबून तळहातात वळवायचो, आणि बांगड्या भरून झाल्या की ती बाई, मग ती कितीही मोठ्या घरची असो, वाकून आम्हाला नमस्कार करायची. तो रिवाजच होता. त्या नमस्कारावर अम्मा जगली असं मला वाटतं. मला नुसत्या नमस्कारावर जगता आलं नाही.

आमच्या लोकांत आणखी एक रिवाज होता आणि त्यानेच आमचा घात केला. ज्या घरच्या बायकांचे हात आपण धरतो, त्या घराशी कागद करायचा नाही. लिहून मागणं म्हणजे त्या घरावर संशय घेणं, आणि संशय घेतला की त्या घरातला आपला उंबरा तुटला. दादासाहेबांना हे ठाऊक होतं. वकील होते ते. त्यांनी अब्बांना जिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. माझ्या बापाला आयुष्यात कोणी खुर्ची दिली नव्हती. म्हणाले, "रहीमभाई, कोपऱ्याची जागा मले सोडा. मोटार वळवाले जागा नाई पुरत. बंगल्याच्या दर्शनी भिंतीत तुमाले पक्कं दुकान काढून देतो. जलमभर बसून धंदा करा." अब्बांच्या गुडघ्यांचं पाणी तेव्हाच गेलेलं होतं. जऊळक्याचा बाजार, मानोऱ्याकडचे बाजार, पाठीवर टोपलं घेऊन ते पायी करायचे आणि परत आले की भिंतीला धरून खाली बसायचे. बसून धंदा करा, हे शब्द त्यांनी ऐकले आणि पुढचं काही ऐकलंच नाही. हातावर हात देऊन घरी आले. मी विचारलं, लिहून घेतलं का. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी काहीतरी घाण बोलले.

घर पडलं. आम्ही मशिदीमागच्या बोळात भाड्याच्या खोलीत गेलो. बंगला वर चढत गेला, आणि अब्बा बाजारातून येताना रोज वाकडी वाट करून भिंत बघून यायचे. पाया भरला, अजून दुकानाचं दार नाही. भिंत चढली, दार नाही. अब्बा म्हणायचे, मागाहून काढतीन. मग चुन्याचे कारागीर आले आणि जिथे आमचं दार यायचं तिथे मोर बसायला लागले. तेव्हा अब्बा दादासाहेबांकडे गेले. या वेळी खुर्ची नव्हती. दिवाणजींनी बाहेरच सांगितलं की बंगल्याचा नकाशा मुंबईच्या इंजिनियरने काढला आहे, दर्शनी भागात बांगड्यांचं दुकान त्यात बसत नाही, शोभत नाही. दादासाहेब मागे कुठेतरी बघतील. अब्बा घरी येऊन म्हणाले, "पाहतो म्हणले." अम्मा म्हणाली, "पाहतीन." मी दोघांकडे बघितलं आणि भाकर तशीच टाकून उठले.

तरी आम्ही त्या घरी जातच होतो. अम्माचं म्हणणं, दुकानाचं दुकानाशी, उंबऱ्याचं उंबऱ्याशी. आम्हाला मागच्या पडवीत बसवत. तिथूनही आतलं दिसायचं. मला त्या घरातली एकेक वस्तू पाठ होती. माणूस दाताने दुखरी जागा जशी दाबून बघतो तसं मी ते घर बघायची. दिवाणखान्यात भिंतभर आरसे, छताला लोलकांची झुंबरं, कोणी दार लोटलं तरी त्यांची बारीक किणकिण. आम्हा मणियारांच्या घरातली किणकिण आणि ही किणकिण यांत फरक होता. ही कामाची नव्हती. एक घोड्याएवढं उंच घड्याळ. तांब्याचं न्हाणीघर, त्यात नळ फिरवला की ऊन पाणी. माईसाहेबांना, म्हणजे दादासाहेबांच्या बायकोला, पाहुण्यांना नळ दाखवायची फार हौस. एकदा उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला पेल्यातून बर्फ दिला. अकोल्याहून रेल्वेने, लाकडाच्या भुशात घालून आणलेला. मी बर्फ पहिल्यांदा पाहत होते. अम्माने तो पदराने धरला आणि अब्बांसाठी घरी न्यायला निघाली. रस्त्यात सगळं पाणी झालं, पदर भिजला, आणि ती हसत होती. मला हसू आलं नाही.

त्या घरातली एकच व्यक्ती मला आवडायची, ती म्हणजे कुसुम, दादासाहेबांची मुलगी. माझ्याच वयाची. पडवीत येऊन बसायची आणि मुद्दाम भलत्या मापाची बांगडी मागायची, म्हणजे जरा वेळ गप्पा होतील. तिचा हात लहान, सांधा ताठ. अम्माच्या बोटांना काचेने चिरा पडून ती जाड झाली होती, त्यामुळे कुसुमला मीच भरायची. माझ्या हाताखाली बांगडी फुटत नसे, हे गावात माहीत होतं. नवरीचा चुडा असला की बायका सांगून ठेवत, चाची, तुमची पोट्टी पाठवा.

कुसुमचं लग्न अमरावतीच्या मोठ्या घरी ठरलं. चुड्याच्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे मागच्या दाराने गेलो तर माईसाहेब स्वतः पडवीत आल्या. "चाची, आज इथं नाई. दिवाणखान्यात बसा. विहीणबाई आल्या हायेत, त्याहीले पाहू द्या आमच्या कुसुमचा चुडा कुठं भरते ते." चुडा हा बायकांचा कार्यक्रम, तो मागच्या खोलीत, फार तर माजघरात व्हायचा. पण माईसाहेबांना आरसे दाखवायचे होते, झुंबरं दाखवायची होती. त्यासाठी आम्ही हव्या होतो. गालिच्यावर पाट, पाटावर कुसुम, समोर मी आणि अम्मा, आणि भोवती नवऱ्याकडच्या बायका शालू सावरून बसलेल्या. त्यांच्यात नवऱ्याची आजी होती, बोळकं तोंड, डोळे मात्र सुईसारखे. आरशांत बघावं तिकडे आम्हीच. माझ्या अंगावरचं ठिगळ मला चार भिंतींत दिसत होतं.

चुड्याचे नियम मोडत नाहीत. आधी डावा हात. एक हात भरला की दुसरा भरल्याशिवाय नवरी पाटावरून उठत नाही. आणि ज्या घरच्या मणियारणीने पहिली बांगडी चढवली, त्याच घरच्या हाताने शेवटची चढायची. हे मला पाळण्यापासून माहीत होतं. पण त्या दिवशी कुसुमच्या डाव्या हातात शेवटची हिरवी बांगडी सरकवली आणि समोरच्या आरशात, खिडकीपलीकडे, दर्शनी भिंतीची मागची बाजू, जिथे आमचं दार यायचं होतं ती, दिसली, तेव्हा ते मला नव्याने कळलं. मी हात मांडीवर ठेवले.

"भर ना वं," कुसुम हळूच म्हणाली.

"भरतो ना. पयले दादासाहेबाले बोलवा."

अम्मा म्हणाली, "हलीमे." एवढंच. त्या एका शब्दात ती मला लहानपणी विहिरीपासून मागे ओढायची.

माईसाहेब हसल्या. "त्याहीले कायले? बायकाच्या कामात."

"आमचं दुकान राह्यलं हाये."

"कोणतं दुकान?"

"आमच्या घरावर तुमी बंगला बांधला ना, त्या बंगल्यातलं आमचं दुकान."

विहीणबाईंनी विचारलं, "काय म्हणून राह्यली हे पोट्टी?" माईसाहेबांनी सावरून घेतलं. "मणियाराची जात, भाव वाढवून राह्यली. दे वं, तुले साडी देतो, चांगली जरीची देतो."

"साडी नेसून अब्बा बाजार करतीन का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. माईसाहेबांचा चेहरा लाल झाला. "उठ तू. दुसरी मणियारीण बोलावतो मी. वाशीमात का एकच घर हाये?"

तेव्हा ती बोळक्या तोंडाची आजी बोलली. "बाई, एक हात एकीचा न् दुसरा दुसरीचा? असा चुडा घेऊन सून आमच्या घरात नाई येत. जे काय देनं असन ते देऊन टाका, मले बसून बसून कंबर लागली."

दादासाहेब आले. दाराशीच उभे राहिले, बायकांत यायचं नाही म्हणून. ते कधी आवाज चढवत नसत. कोर्टात ज्याचा आवाज चढतो तो हरतो, हे त्यांचं मत गावाला ठाऊक होतं. "हलीमा, बेटा, शुभ काम हाये. लगन होऊ दे. मंग बसून पाहू."

"पाहू पाहू म्हणता म्हणता तुमचे मोर बसले, साहेब."

"मी शब्द देतो तुले. सगळ्याइच्या समोर देतो."

"शब्द तुमी अब्बाले देल्ला होता. तोच अजून पडून हाये, नवा कायले पाह्यजे?"

मी ओरडले नाही. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, फिरोजाबादच्या आडत्यांना घाम फोडला, पण त्या दिवसासारखा थंड आवाज मला पुन्हा कधी लागला नाही. आतून मी जळत होते. दादासाहेबांनी विचारलं, "मंग तुले पाह्यजे काय?"

"मांडवाच्या कामाले मिस्त्री आलेला हाये अंगणात. त्याले सांगा, भिंतीले हातोडा लाव. दुकानाचं दार पडू द्या, मी दुसरा हात भरतो."

त्यांनी विहीणबाईंकडे बघितलं, आजीकडे बघितलं, मुलीच्या एका हिरव्या आणि एका मोकळ्या हाताकडे बघितलं. मग नोकराला म्हणाले, "सांग मिस्त्रीले. लाव म्हणा."

पहिला घाव बसला तेव्हा झुंबराचे सगळे लोलक एकदम वाजले. पाहुण्या बायकांनी वर बघितलं. दुसऱ्या घावाला चुना पडल्याचा आवाज आला. तो आवाज मी इतकी वर्षं मनात ऐकला होता, आता तो खरोखर येत होता, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, त्यापेक्षा गोड आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही. बाहेरून कोणीतरी ओरडलं, मोर पडला, मोर पडला. आमच्या घराच्या जागेवर आमच्यासाठी हातोडा चालत होता, दादासाहेबांच्या हुकमाने, त्यांच्या पैशाने. थोडा वेळ हवा होता. तेवढा वेळ नवरीचा हात मोकळा राहिला असता, तर भिंतीला भगदाड पडलं असतं, आणि भगदाड काही चुन्याने रातोरात बुजत नाही. मला एवढंच हवं होतं. पडलेलं भगदाड हा माझा कागद होता.

पण कुसुम थरथरत होती. दर घावाला तिचं अंग दचकायचं आणि भरलेल्या हातातल्या बांगड्या वाजायच्या. ती रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. अम्मा बघत होती. अम्मा किती वेळ बघत होती कोण जाणे. मग ती मला म्हणाली, "सरक."

"अम्मा, नको. जरा थांब."

"सरक म्हटलं ना."

तिने मला खांद्याने बाजूला केलं आणि कुसुमचा उजवा हात हातात घेतला. मी तिचं मनगट धरलं. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, जसं बांगडीत अडकलेला धागा सोडवावा तसं, राग न करता. आणि भरायला लागली. तिच्या त्या जाड, चिरलेल्या बोटांनी. तोंडाने पुटपुटत होती, बिस्मिल्ला, बिस्मिल्ला, घाबरू नको मा, झालं, झालं आता. एकही बांगडी फुटली नाही. शेवटची मनगटापाशी गेली तेव्हा दादासाहेबांनी दारातूनच नुसता हात वर केला. नोकर धावला. बाहेर हातोडा थांबला.

तो वर केलेला हात मी विसरणार नाही. हरलेला खटला कोणी भलत्याने जिंकून दिला की वकील जसा हलकेच कागद आवरतो, तसा तो हात.

कुसुम पाटावरून उतरून अम्माच्या पाया पडली. अम्माने तिच्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. मग कुसुम माझ्याकडे वळली, वाकायला लागली. मी पाय ओढून घेतले आणि पेटी उचलून मागच्या दाराने निघाले. माईसाहेबांनी अम्माच्या पदरात नारळ आणि साडी घातली. जरीची होती, कबूल केल्याप्रमाणे. मोठ्या लोकांचा शब्द असा लहान गोष्टीत फार पक्का असतो.

रस्त्यात मी अम्माशी बोलणार नव्हते, पण बोललेच. "काहून केलं तू हे? आणखी थोडा वेळ राह्यली असती त दार पडलं असतं."

"पोरीचा हात थरथरून राह्यला होता."

"अब्बाचे पाय नाई थरथरत? ते नाई दिसत तुले?"

"दिसते. पण ते मागनं तिच्या बापापाशी होतं. तिच्या हातापाशी नव्हतं."

"बापापाशी मागून पाह्यलं ना? काय देल्लं त्यानं?"

अम्मा चालत राहिली. बोळात वळताना म्हणाली, "हलीमा, आपण हात धरतो लोकाइचे. धरलेला हात मुरगाळला त उद्या आपल्याले हात कोण देईन?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. त्यांनी आमचं घर मुरगाळलं तेव्हा आपल्याला उद्या जागा कोण देईल असा विचार त्यांनी केला नव्हता, आणि त्यांना जागा मिळतच गेली. हात न मुरगाळण्याचा नियम फक्त आमच्या बाजूने होता. जिच्या हातून सौदा निसटला ती माझी आई होती, भली बाई होती, तिच्या मयतीला सारं गाव लोटलं, हे सगळं मी मान्य करते. तरीही मला तिचं पटलेलं नाही. माझ्या नातीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, नानी, कुसुमची काय चूक होती. काही नव्हती. आमची काय होती?

घरी पोचलो तर खोलीचं दार उघडं होतं. बाजारातल्या कोणीतरी धावत येऊन अब्बांना सांगितलं होतं की दादासाहेबाने भिंत फोडायला घेतली, तुमचं दुकान निघून राह्यलं. अब्बा ईदचा कुर्ता घालून, डोक्याला अत्तराचं बोट लावून, काठी घेऊन निघायच्या बेतात होते. दार कसं पडतंय ते बघायला. माझ्याकडे बघून म्हणाले, "चाल, तूही चाल. ओटा किती उंच पाह्यजे ते सांगाले पाह्यजे मिस्त्रीले, नाई त तो आपल्या मनानं करन." अम्मा दाराआडच थांबली. सांगावं लागलं मलाच. अब्बांनी ऐकून घेतलं, कुर्ता काढला, घडी घातली, घडी मोडली म्हणून पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन जऊळक्याच्या बाजाराला गेले.

मोर त्यांनी लग्नाआधीच बसवून घेतला. नवा मोर जुन्यांपेक्षा देखणा होता असं लोक म्हणाले.

त्यानंतर मी अम्माबरोबर घरोघर जाणं सोडलं. अम्मा जात राहिली, त्या बंगल्यातही, मागच्या पडवीत, मरेपर्यंत. मी बंगल्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पोतं अंथरलं आणि बांगड्या मांडून बसले. आमच्या बिरादरीत तरुण मुलगी रस्त्यावर दुकान मांडून बसली म्हणून काय काय बोललं गेलं ते मी लिहीत नाही. बोलणारे गेले, मी आहे. बंगल्याचा चौकीदार आला, म्हणाला, दादासाहेबाले समोर हे नाई पाह्यजे. मी म्हटलं, त्याहीची भिंत त्याहीची, रस्ता म्युनसीपाल्टीचा. म्युनसीपाल्टीत त्यांचेच दोस्त होते. शिपाई येऊन माझं पोतं उचलून फेकायचा, काच रस्ताभर व्हायची. मी उरलेल्या वेचायची आणि परत बसायची. बाजाराच्या ठेकेदाराला बाजारपट्टी मोजून मी दर वेळी पावती घेतली. तोंडी काही नाही. ऊन, पाऊस, ताप, काही असो, मी बसले. पुढे पोत्याची फळी झाली, फळीची टपरी झाली, आणि एके दिवशी अब्बा बाजारातून लंगडत येऊन बोळाकडे न वळता सरळ माझ्याकडे आले, टोपलं खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी बसले. "इथून सारा बंगला दिसते," ते म्हणाले. मी म्हटलं, "त्यालेबी आपण दिसतो." त्यानंतर त्यांनी बाजार केला नाही. उरली तेवढी वर्षं ते बसून धंदा करून गेले, जागा मात्र दादासाहेबांनी दिलेली नव्हती.

आज त्या ठिकाणी माझं पक्कं दुकान आहे, वर राहायला माडी आहे. बंगला बघायला अजून लोक येतात, आता मोटारींतून, फोटो काढायला. बघून झालं की बायका रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात, आणि येतात त्या मोरांबद्दल बोलतच. घासाघीस मला आवडते, ती माझी जन्माची हौस आहे. गावातल्या बाईला मी ताणून ताणून शेवटी सोडून देते. पण मोरांचं कौतुक तोंडात घेऊन जी येते, तिला मी एक भाव सांगते आणि त्यातला छदाम कमी करत नाही. परवा एक आली होती, गळ्यात कॅमेरा, बोलायला गोड. म्हणाली, "आजी, जरा कमी करा ना, इतक्या लांबून बंगला बघायला आलोय आम्ही."

मी म्हटलं, "कमी पाह्यजे त समोर जा, बाई. तिथं शब्द भेटते. इथं बांगड्या भेटते."